चढते पाणी, उतरते पाणी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी "घरची कॉफी" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मोठ्या अदबीने विचारले, "सर, विषय एवढाच का?" त्यांच्या मनात काय आले असेल ते मी ओळखले. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, उसाच्या दरावर बोलावे. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो काही लोकांना पेये करायला शिकवण्यासाठी नव्हे! शिवाय दिवस वैशाखाचे. घरोघरी पन्ह्याचे तांबे भरलेले, मडक्यात ताक. अशा दिवसांत शेगडी पेटवून कॉफीच्या गोष्टी सांगणारा माणूस आपल्याला थोडा चळलेला वाटला, तर त्यात आपला दोष नाही.

तरीही मी हा विषय धरून बसलो आहे, त्याला कारण आहे. ह्या गावात मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत विज्ञान शिकवले. आपणांपैकी बरेच जण माझ्या हातचा मार खाल्लेले आहेत. त्यांचे चेहरे मला इथून दिसत आहेत. त्या तीस वर्षांतले एक देणे माझ्याकडे राहून गेले आहे, आणि ते मला ह्या टेबलावर ठेवलेल्या काचेच्या भांड्याने आठवून दिले. तेव्हा आज कॉफी तर करून दाखवीनच, आणि जमले तर ते देणेही फेडीन.

प्रथम आपल्या घरच्या कॉफीविषयी. आपल्याकडे चहा हा रोजचा आणि कॉफी ही प्रसंगाची. माझ्या लहानपणी घरात कॉफी व्हायची ती उपासाला, कोणी चहा न पिणारे पाहुणे आले तर, किंवा रात्री उशिरापर्यंत बसायचे असेल तेव्हा. आई दूध-पाणी एकत्र आधणाला ठेवी, साखर टाकी, वर चमचाभर पूड टाकून चांगली उकळी फुटू देई, मग पातळ फडक्यातून गाळी आणि शेवटी त्यावर जायफळ उगाळून घाली. जायफळाने झोप येते म्हणतात, कॉफीने झोप उडते. दोघींचा एकाच कपबशीत संसार आमच्याच लोकांनी लावून दिला! पण चव मात्र अशी की ती आठवली की अजून स्वयंपाकघराचा वास येतो. त्या कॉफीची मी निंदा करणार नाही. ती एक वेगळी वस्तू आहे. दुधाची खीर जशी, तशी ती दुधाची कॉफी.

आपल्या तालुक्यात दुसरीही एक कॉफी आहे. नदीपलीकडे चिकोडी आहे, निपाणी आहे, पुढे बेळगाव आहे. ज्या घरांच्या सोयरिकी तिकडे आहेत, त्या घरांत सुनेबरोबर पितळेचा किंवा स्टीलचा फिल्टरही येतो. वरच्या भांड्यात पूड दाबून बसवायची, तिच्यावर उकळते पाणी ओतायचे आणि खाली थेंब थेंब काढा उतरू द्यायचा. ही रीत कर्नाटकातून आली, आणि ते साहजिक आहे. कारण परंपरा असे सांगते की सतराव्या शतकात बाबा बुदन ह्या सूफी साधूने यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीचे सात दाणे आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडले ते १९३६ साली. पुढे कॉफी मंडळाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा तिथल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. सहकार म्हणजे काय हे शिरोळकरांना मी सांगायला नको. कॉफीच्या कपातही सहकार आहे, एवढेच ध्यानात आणून देतो.

आता हे तिसरे भांडे. माझी मुलगी पुण्याला असते. निवृत्तीनंतर मी दिवसभर वर्तमानपत्र वाचतो आणि घरात सर्वांच्या चुका काढतो, ही तिच्या आईची तक्रार. त्यावर उपाय म्हणून मुलीने हे आणून दिले. म्हणाली, "बाबा, तुमच्या प्रयोगशाळेसारखेच आहे. ह्यात रमाल."

आपण पाहा. खाली एक काचेचा चंबू, वर दुसरा चंबू. वरच्या चंबूला खाली लांब नळी आहे, ती खालच्या चंबूच्या तळाजवळ, पण तळाला न टेकता, पोहोचते. दोहोंच्या सांध्याला रबराचे वेष्टण आहे. ते घट्ट बसले की खालचा चंबू बाहेरच्या हवेपासून तुटला. वरच्या चंबूत, नळीच्या तोंडावर, कापड ताणलेली एक गोल चकती बसते. हीच गाळणी. तिच्या पोटातून एक बारीक मण्यांची साखळी नळीतून खाली लोंबते. हे भांडे कशावरही तापवता येते. काहींना खाली स्पिरिटचा दिवा असतो. माझे हे शेगडीवर ठेवायचे आहे, आणि गॅसची ज्योत काचेला थेट लागू नये म्हणून मधे ही तारेची जाळी.

ह्याचा पहिला चंबू माझ्या हाताने तीन दिवसांत फुटला, हे आधीच कबूल करतो. विसळून घेतला, बाहेरून पुसला नाही, ओल्या बुडानेच शेगडीवर ठेवला. तडाक्! विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात, काचेच्या असमान प्रसरणाचे असे सुंदर प्रात्यक्षिक! पत्नी काही बोलली नाही. फक्त केरसुणी आणून दिली.

मुलीने दुसरा चंबू धाडला. ह्या वेळी कोरडा पुसून घेतला. पाणी वर चढले, कॉफी टाकली, शेगडी बंद केली, आणि मग कॉफी खाली उतरेचना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. वर काळे पाणी थांबलेले, खाली चंबू रिकामा. मी पुस्तके काढली. पुस्तकाप्रमाणे ते उतरायला हवे होते.

ते का उतरायला हवे, हे आधी सांगतो. मग का उतरले नाही ते सांगेन.

आपण नदीकाठची माणसे. पाणी चढले आणि पाणी उतरले, हे दोन शब्द आपल्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. नरसोबाच्या वाडीला पाणी चढते, उत्तरेकडून देवळात शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वाराचा सोहळा पाहायला आपण जातो. २००५ साली, २०१९ साली आणि २०२१ साली हेच पाणी आपल्या उंबऱ्यांच्या आत आले, तेव्हा त्याला सोहळा म्हणवले नाही. पण पाणी चढते ते कशाच्या तरी जोराने, आणि उतरते तेव्हा तो जोर ओसरलेला असतो, हे आपण पाहिलेले आहे.

ह्या भांड्यातही तेच. खालचे पाणी तापू लागते, तशी त्यावरची हवा आणि वाफ फुगू लागते. वाफ ही फार जागा मागणारी वस्तू आहे. एक पेला पाण्याची सगळी वाफ केली, तर ती सोळाशे-सतराशे पेल्यांची जागा अडवील. इथे जागा तर बंद. मग ती वाफ पाण्याच्या डोक्यावर पाय देते, आणि पाण्याला एकच वाट मोकळी असते: नळीतून वर. ह्यासाठी फार मोठा दाब लागतो असेही नाही. वीतभर उंच पाणी चढवायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभरातल्या दोन भागांएवढा जादा दाब पुरतो. त्यामुळे पाणी पुरते उकळण्यापूर्वीच वर जाऊ लागते. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. इथे पाणी उकळते तेच मुळी ९८ अंशांच्या आसपास. वर पोहोचलेले पाणी त्याहूनही थोडे कमी, नव्वदीच्या घरात असते. कॉफीला नेमके तेवढेच हवे असते. चहाच्या सवयीने आपण कॉफीला खळखळ उकळी देतो, आणि मग तिच्यातला सुगंध छपराकडे जातो आणि कडवटपणा कपात उरतो. तो कडवटपणा झाकायला पुन्हा साखर!

आता शेगडी बंद केली. खालची वाफ निवू लागली, तिचे पुन्हा पाणी झाले. सोळाशे पेल्यांची जागा अडवणारी पुन्हा एका पेल्याची झाली. मग उरलेली जागा कोणाची? कोणाचीच नाही. तिथे पोकळी झाली, निर्वात झाला. बाहेरची हवा मात्र आपल्या जागी आहेच; दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार घेऊन ती प्रत्येक वस्तूवर बसलेली असते. ती वरच्या चंबूतली कॉफी खाली दाबते, कॉफी कापडातून गाळून खाली येते, चोथा वर राहतो. पुराचे पाणी उतरते तेव्हा गाळ आपल्या घरात ठेवून जाते. हे पाणी उतरताना गाळ वर ठेवून येते. एवढाच काय तो दोहोंत फरक, आणि तो मला फार मोठा वाटतो.

लोक म्हणतात, खालची पोकळी कॉफी ओढून घेते. वर्गात हे वाक्य कोणी बोलले की मी ते दुरुस्त करीत असे: "ओढत कोणीच नाही, वरून हवा ढकलते." दुरुस्ती बरोबर आहे. पण दुरुस्त्या करण्याच्या ह्याच हौसेने माझे नुकसान केले. ते पुढे येईलच.

ह्या युक्तीचे घराणे मोठे आहे. इंग्लंडातल्या खाणींत पाणी साठे आणि काम थांबे. ते उपसण्यासाठी टॉमस सेव्हरीने १६९८ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. बंद भांड्यात वाफ भरायची, भांड्यावर बाहेरून गार पाणी ओतायचे, वाफ निवली की आत पोकळी, आणि खालचे पाणी वर. १७१२ साली न्यूकॉमेनने सिलिंडरच्या आतच गार पाण्याची चिळकांडी सोडली आणि तीच पोकळी दट्ट्या खाली खेचण्याच्या कामी लावली. १७६९ साली जेम्स वॉटने वाफ निववायला वेगळे पात्र जोडले आणि त्याचे पेटंट घेतले. वाफेच्या यंत्राचा इतिहास आपण वाफेच्या जोराचा म्हणून शिकतो. त्याचे पहिले शतक हे बहुतांशी वाफ निववण्याचे शतक आहे.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी ही युक्ती स्वयंपाकघरात आली. स्कॉटलंडमध्ये जहाजांची वाफेची यंत्रे बांधणारे रॉबर्ट नेपियर ह्यांच्या नावाने १८४० च्या सुमाराचे एक कॉफीचे भांडे ओळखले जाते. त्यात दोन पात्रे शेजारी-शेजारी होती. आणि फ्रान्समधल्या ल्योंच्या मादाम व्हासियो ह्या बाईंनी १८४२ साली दोन काचेचे गोल एकावर एक बसवून जे भांडे केले, ते दिसायला आजच्या ह्या भांड्याचे आजीच म्हणावी असे आहे. इंजिनाचे तत्त्व तेच, फक्त आता त्याने खाणीऐवजी कपाची सेवा करायची.

हे सगळे मला ठाऊक होते. आणि कॉफी उतरत नव्हती.

अशा वेळी दारात एक जण आला. माझा जुना विद्यार्थी. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. तो आपल्याच भागातल्या एका साखर कारखान्यात पॅनवर आहे, त्याचे वडीलही पॅनवरच होते. पॅनमन म्हणजे काय हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. तरी बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटवतात. तिथे पाक शंभर अंशांच्या वर जातो, त्याला रंग चढतो आणि गूळ होतो. त्याच उष्णतेत साखर करायला जाल, तर तीही करपून लाल होईल. म्हणून इंग्लंडात एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास बंद भांड्यातली हवा आणि वाफ काढून घेऊन कमी दाबाखाली पाक आटवण्याची रीत काढली. दाब कमी झाला की पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो, न करपता आटतो आणि त्यात दाणा धरतो. तेच हे आपल्या कारखान्यातले व्हॅक्यूम पॅन. त्यातली वाफ वरून निघून कंडेन्सरमध्ये जाते, तिथे तिच्यावर गार पाण्याचा मारा होतो आणि ती निवते. उरलीसुरली हवा काढायला वेगळी योजना असते, पण पोकळी राखण्याचे मोठे काम त्या गार पाण्याचे. कारखान्याच्या आवारात पाण्याचे फवारे उडताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. मुलांना ते शोभेचे कारंजे वाटते. कंडेन्सरमधून गरम होऊन आलेले पाणी तिथे गार करतात.

तर तो आत आला, पत्रिका ठेवली, आणि टेबलावरच्या भांड्याकडे बघून हसला. "सर, ह्यो तर आमचा पॅनच की!"

मी म्हणालो, "बस. पाणी चढले, पण उतरत नाही. निर्वात नीट होत नसावा."

त्याने वाकून पाहिले. नळीच्या टोकाशी अडकलेला एक थेंब बघितला, सांध्याचे रबर बोटाने चाचपले. "व्हॅकम चांगला बसलाय सर. जाळी चोंदलीया. भुकटी लई बारीक घेतलीसा."

खरेच होते. फिल्टरसाठी दळलेली, चिकोरी मिसळलेली बारीक पूड मी घेतली होती. ती कापडाच्या डोळ्यांत जाऊन बसली होती. हवा वरून ढकलत होती, पण वाट बंद होती. तीस वर्षे शिकवलेले तत्त्व मला ठाऊक होते, आणि त्याचा पत्ता मात्र त्याच्या बोटांना होता.

मी विचारले, "एका नजरेत कसे कळले रे तुला?"

तो थोडा घुटमळला. मग हसतच म्हणाला, "सर, म्या आठवीच्या पेपरात ह्येच लिवलं हुतं. तुम्ही लाल रेघ मारलासा."

मंडळी, मला ते आठवले. सगळ्या उत्तरपत्रिका कोणत्या शिक्षकाला आठवतात? पण ही आठवली. प्रश्न होता: निर्वात कसा निर्माण करता येतो? माझ्या पाठातले उत्तर होते: हवा काढण्याच्या पंपाने. आणि त्याने लिहिले होते की वाफेवर गार पाणी मारले की निर्वात होतो, वडिलांच्या पॅनवर असाच करतात. मी त्यावर रेघ ओढली आणि समासात लिहिले, "पुस्तकातील उत्तर लिहावे." गुण शून्य.

आपण विचार करा. न्यूकॉमेनने १७१२ साली यंत्रात उतरवलेली गोष्ट आठवीतला एक मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या शब्दांत लिहीत होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप, काका, मामा गळिताच्या हंगामात त्या पोकळीच्या शेजारी रात्रपाळी करीत होते. आणि मी फळ्यावर पंपाची आकृती काढून, शाळेत कधीही नसलेल्या पंपाची व्याख्या पाठ करून घेत होतो! मुलांना कारखान्यात नेऊन कंडेन्सर दाखवायचे मला तीस वर्षांत सुचले नाही. घरातल्या चुलीवरचे झाकण का चिकटते, हेही मी कधी विचारले नाही. जेवण झाकून ठेवले, निवले, आणि घट्ट बसलेले झाकण निघेना, हा अनुभव कोणत्या घरात नाही? आयाबहिणींना त्यावरचा उपायही ठाऊक असतो: भांडे पुन्हा थोडे तापवायचे. पुस्तकात ह्यालाच मोठे नाव आहे.

आमच्याकडे शाळा एका खोलीत, कारखाना दुसऱ्या खोलीत आणि चूल तिसऱ्या खोलीत. मधल्या भिंती आम्ही शिक्षकांनीच बांधल्या. मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काही घेऊन आला, की आम्ही त्याला दारातच अडवतो आणि म्हणतो, हे इथले नव्हे. त्यातून पुढे काय होते? तो मुलगा समजून जातो की आपल्या बापाला जे येते ते ज्ञान नव्हे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. त्या एका रेघेमुळे सोडली असे मी म्हणणार नाही. घरच्या अडचणी होत्या. पण त्या रेघेने त्याला थांबवायला मदत केली नाही, एवढे निश्चित.

असो. आता शेगडी पेटवू या, कारण बोलून कॉफी होत नाही.

तीन पेल्यांचे माप सांगतो. पाणी साडेतीनशे मिलिलिटर, पूड तेवीस-चोवीस ग्रॅम. म्हणजे पाण्याच्या पंधराव्या हिश्शाएवढी. पूड चिकोरी न मिसळलेली, शक्यतो ताजी दळलेली, आणि दळण बारीक रव्यासारखे. पिठासारखे बारीक झाले तर माझ्यासारखे बसून राहाल. जाड भरड झाले तर कॉफी धावत खाली येईल आणि पाणचट लागेल. कापड नवे असेल तर आधी साध्या पाण्यात उकळून घ्यावे. त्याला साबण कधी लावू नये, वास धरतो. नुसत्या पाण्याने धुवावे आणि ओलेच, स्वच्छ पाण्यात बुडवून, फ्रिजमध्ये ठेवावे. आमच्याकडचे मूळ कापड विरले, तेव्हा पत्नीने जुन्या सुती फडक्याची चकती कापून, भोवती दोरा ओवून शिवून दिली. विकतच्यापेक्षा चांगली चालते.

चंबूत गरम पाणीच ओतावे, वेळ वाचतो. बाहेरून कोरडा पुसावा. हे मी दोनदा सांगतो, का ते आपल्याला माहीत आहे. रिकामा चंबू कधीही विस्तवावर ठेवू नये. वरचा चंबू आधी तिरका, सैल ठेवावा. ही मण्यांची साखळी खालच्या पाण्यात बुडते. तिच्यावरून बुडबुडे सावकाश निघतात आणि पाणी एकदम उसळत नाही. पाहा, मण्यांवर बुडबुडे धरू लागले. आता वरचा चंबू सरळ करून घट्ट बसवायचा.

चढले! मागच्या लोकांना दिसते ना? खाली थोडे पाणी राहतेच, नळी तळाला टेकत नाही म्हणून. ते राहू द्यावे, त्यानेच चंबू वाचतो. आता ज्योत बारीक. पूड टाकली. लाकडाच्या चमच्याने हलक्या हाताने ढवळायची, सगळी भिजेपर्यंत. आता एक मिनिट, फार तर दीड.

ह्या एका मिनिटात खरी परीक्षा असते. हात शिवशिवतो: अजून थोडे उकळू दे, अजून रंग येऊ दे. गुऱ्हाळावर गुळव्या काय करतो? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघतो, बोटांनी वळून बघतो, आणि वेळ झाली की काहील उतरवतो. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. जाळ घालायला कोणीही माणूस चालतो; जाळ कधी काढायचा हे ज्याला कळते, त्याला गुळव्या म्हणतात. पॅनमनही दोन बोटांत पाकाची तार धरून तेच बघतो. ह्या भांड्यात तर कॉफी तयार होते तीच मुळी जाळ काढून घेतल्यावर.

बंद केली शेगडी. एकदा गोल ढवळले. आता हात मागे. काही करायचे नाही.

उतरली पाहा! अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळी खाली. शेवटी हा गुळगुळ आवाज, हे फेसाचे बुडबुडे: चोथ्यातून हवा आत शिरली. पॅनवरची माणसे ह्याला "व्हॅकम तुटला" म्हणतात, आणि आता मीही तेच म्हणतो. वरचा चंबू फार गरम असतो. फडक्याने धरून हलवत हलवत काढावा, आणि लगेच गार पाण्याखाली धरू नये. आत वर चोथ्याची लहानशी टेकडी राहिली आहे. ती जितकी नीटस, तितके ढवळणे समान झाले असे समजावे. आणि कॉफी बघा: काळी, पण आरपार दिसते. पहिला घोट दूध-साखरेवाचून घ्यावा. आवडली नाही तर दूध आहेच, जायफळही आहे. त्यात कमीपणा नाही.

तीनच पेले होतात. एक अध्यक्षमहाशयांना, मानाचा. एक चिटणीसांना, विषय मान्य केला म्हणून. तिसऱ्या पेल्यावर वक्त्याचा हक्क असतो.

पण माझा तो विद्यार्थी आज इथे आला आहे. मागच्या रांगेत, खांबाजवळ बसला आहे. आज त्याची रात्रपाळी नाही. त्याच्या आठवीच्या उत्तरपत्रिकेत एक बेरीज चुकलेली आहे. इतक्या वर्षांनी गुण वाढवण्याची तरतूद शिक्षणखात्याच्या नियमांत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पण ह्या सभेसमक्ष मी ती लाल रेघ खोडतो आणि त्या उत्तराला पूर्ण गुण देतो. उत्तर बरोबर होते. तपासणारा चुकला होता.

ये रे बाळ, पुढे ये. निवायच्या आत घे.